टेंडर

फळी तीन फूट लांब, दीड फूट रुंद.
सुलभा गिरप म्हणाली, इंग्रजीत लिव,
गाडयेतली माणसा वाचतत.
पुतण्याने चिठ्ठी दिली होती लिहून:
टेंडर कोकोनट.

सव्वीस वर्षं ब्रश धरतोय मी वेंगुर्ल्यात.
होड्यांची नावं, देवळातले देणगीदार,
आणि बांधकाम खात्याच्या भिंतीवर
जेट्टीच्या कामाचा तपशील, तीन वेळा.
तीनदा टेंडर निघालं, तीनदा मीच रंगवलं,
जेट्टी कागदावर राहिली, माझं बिलही.
तर हा शब्द मला पाठ होता:
लाखेचा ठिपका लावलेलं पाकीट,
आत एक आकडा,
आणि ठेकेदाराच्या मेव्हण्याला आधीच ठाऊक असलेला
दुसऱ्याचा आकडा.

म्हटलं, वैनी, शहाळ्याचं टेंडर कोण भरणार?
ती कोयत्याची धार बघत राहिली.

संध्याकाळी आल्मेदा मास्तरांच्या पायरीवर बसलो.
निवृत्त होऊन अकरा वर्षं, तरी बोटांना खडू आहे असं समजून
ते अजून बोटं झटकतात.
कोवळं, म्हणाले. टेंडर म्हणजे कोवळं.
मग थांबले. मग म्हणाले, मटण,
हाडाने आपणहून सोडून दिलेलं, तेही टेंडर.
रेमेत तापात असताना मी तिच्याशी जसा बोलायचो, तेही.
आणि दाबल्यावर दुखतं ना एखाद्या जागी,
वरून काही दिसत नाही, पण हात लावून देत नाही माणूस,
तीसुद्धा.

एवढं सगळं एकात?
आपल्याकडे तर नुसत्या नारळाला
बोंड आहे, शहाळं आहे, आडसर आहे, गोटा आहे.
माणसासाठी हळवा निराळा, दुखरा निराळा,
कोवळ्या उन्हाला तर अंगही लागत नाही.
मास्तर म्हणाले, गरीब भाषा नव्हे रे,
एका भांड्यात चार घरचं शिजतं, एवढंच.

घरी येताना आठवलं.
दोन वर्षांमागे बाबाजी गिरप माडावरून पडला,
झापाची पकड सुटली, खाली दगडी गडगा.
ओरोसच्या इस्पितळात केसपेपर माझ्या हातात होता.
डॉक्टरांनी पोटाचं चित्र काढलेलं,
उजव्या बाजूला फुली,
फुलीशेजारी हाच शब्द.
डॉक्टरांची अक्षरं कुणाला लागत नाहीत, मला लागली,
कारण तीनदा रंगवलेली होती.
आणि मी तिला हसवायला म्हणून बोललो होतो:
बघ गो, ह्याच्या पोटाचं पण टेंडर काढलं सरकारने.

ती तेव्हाही हसली नव्हती.

फळी रंगवायला घेतली. पांढरा हात दिला, वाळू दिला.
हिरव्यात अक्षरं.
टी, ई, एन सरळ गेले.
डी चं पोट भरताना हात आपोआप हलका झाला,
जसा डॉक्टरांचा झाला नव्हता.
अक्षरं मोठी होत गेली, मला भान राहिलं नाही,
आर संपला तेव्हा फळीही संपली.
कोकोनटला जागा नाही.

दुसरी फळी आणून देतो म्हणालो. तिने नको म्हटलं.
आता बंदराच्या वळणावर
नुसतं टेंडर टांगलेलं आहे, काथ्याने.
परवा एक ठेकेदार गाडी थांबवून विचारून गेला
फॉर्म कुठे मिळतो.
तिने त्याला मलईवालं दिलं, चाळीस रुपये घेतले.

बाबाजी बाकड्यावर बसलेला असतो,
स्ट्रॉ पुसून ठेवतो, वर माडाकडे बघत नाही.
गिऱ्हाईक आलं की ती
एकेक शहाळं उचलते, बोटाने वाजवते, कान देते.
हां नको, म्हणते. ह्यां आडसर झाला.
पुढचं वाजवते.
माझ्या रंगाचे पैसे तिने दिले नाहीत अजून.
मीही मागितलेले नाहीत.